थांबायची सोय

एकसष्टच्या एकसष्ट जणांनी दारवानाला दारातच सोडलं होतं. गेमच्या चाचणीचा अहवाल सकाळी अकराला आला तेव्हा गेममधल्या लढाया रचणारा तो नुकता येऊन टेबलाशी टेकला होता, अंगातलं जॅकेटही अजून काढलं नव्हतं. चाचणीचे अहवाल तो नेहमी मागून वाचायचा. पुढची पानं म्हणजे कौतुक, रंगीत आलेख आणि कुणाला काय आवडलं याचं चऱ्हाट. खरी खोड शेवटच्या पानावर निघते, हा सोळा वर्षांचा अनुभव. शेवटच्या पानावर तक्ता होता. चौथी लढाई, पाणी भरत चाललेलं दगडी दालन. खेळले एकसष्ट, जिंकले अठ्ठावन्न, हरून पुन्हा खेळले तीन, दारवान वाचला शून्य. त्या दारवानाला आत आणायची वाट याच माणसाने दोन महिने राबून तयार केली होती. आणि त्या शून्याकडे बघताना त्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर हुश्श. चला, कुणीच नाही आणलं. खांदे आपोआप सैल झाले. मग त्या सैल झालेल्या खांद्यांचंच त्याला भय वाटलं आणि चहाचा कप त्याने तसाच परत ठेवला. कष्ट पाण्यात गेले की माणसाला वाईट वाटतं. याला बरं कसं वाटलं?

त्याचा धंदा लढाया लावण्याचा. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचे जुने खेळ असतात. त्यांच्या धर्तीवर आता कॉम्प्युटरवर मोठमोठे गेम निघतात. चार-पाच सोबती, तलवारी, मंत्र, एकेकाच्या पाळीने वार. त्यातली कुठली लढाई कुठे होणार, शत्रू किती, कोण उंचावर बाण घेऊन उभा, कोण खांबाआड दडलेला, हे तो ठरवायचा. ऑफिसात त्याचं नावच मारामारी पडलं होतं. "मारामारीला विचारा," "मारामारी आज रजेवर आहे," असं लोक गंभीर चेहऱ्याने म्हणत आणि तोही ओ देई. प्रत्यक्षात त्याने जन्मात कुणाला चापट मारली नव्हती. या धंद्याची काही गुपितं आहेत. शत्रू मूर्ख असावा लागतो, पण मूर्ख दिसून चालत नाही. जिंकणाऱ्याला आपण थोडक्यात वाचलो असं वाटलं पाहिजे, आणि तो थोडक्यात वगैरे काही वाचलेला नसतो. वार लागण्याची शक्यता शंभरात ऐंशी आहे असं पडद्यावर दाखवलं आणि लागोपाठ दोन वार हुकले की खेळणारा खवळतो, आईबाप काढतो. म्हणून आतल्या आत फासा जरासा त्याच्या बाजूने कलता करून ठेवायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. लोकांना न्याय नको असतो, न्याय झाल्यासारखं वाटायला हवं असतं. हे वाक्य त्याने एकदा नव्या भरतीसमोर भाषणात टाकलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तेव्हा ते आपल्याला नेमकं कुठून माहीत, हे त्याला कुणी विचारलं नाही, त्यानेही स्वतःला विचारलं नाही.

दारवानाची लढाई मात्र त्याने फासा न कलवता लावली होती. गोष्ट साधी. तुमची टोळी दालनात शिरते, मागून शत्रू येतो, पाणी चढायला लागतं. समोरच्या टोकाला जिना. सहा फेऱ्यांत जिन्याशी पोचलात की सुटलात. तेवढा वेळ मागचं दार कोण धरणार? तर तुमच्याबरोबर आलेला म्हातारा दारवान. तो उंबऱ्यात उभा राहतो, "तुम्ही व्हा पुढे," म्हणतो, आणि सहाव्या फेरीला पडतो. पण त्याला आत घ्यायची एक वाट होती. एका पूर्ण फेरीत टोळीतल्या कुणीच हात उचलायचा नाही, पाऊल टाकायचं नाही. प्रत्येकाने आपली पाळी सोडायची, 'थांबा' असं लिहिलेलं खालच्या कोपऱ्यातलं करडं बटण दाबायचं. तुम्ही थांबलात की शत्रूही क्षणभर बिचकतो, दारवान मागे वळून बघतो, एक पाऊल आत येतो, दार ओढतो आणि आतून कडी घालतो. त्या एका फेरीत गुडघ्याएवढं पाणी कमरेला येतं, बाकी काही बिघडत नाही. मग तो पुढे शेवटापर्यंत तुमच्याबरोबर राहतो. त्याच्यासाठी अडतीस वाक्यं लिहून घेतलेली होती. एकात तो सांगतो, की दारं धरायचं काम आपल्या वाट्याला आलं, खरं तर आपल्याला घरं बांधायची होती.

दुपारी निर्मातीने बोलावलं. काय ठेवायचं नि काय कापायचं हे ठरवणं तिचं काम, म्हणून मागे सगळे तिला कात्री म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. तिने अहवालाचं शेवटचं पान त्याच्यापुढे सरकवलं. "अडतीस वाक्यं, सोमवारी रेकॉर्डिंग, सात ठिकाणी त्याच्या हालचाली. आणि बघणार कोण? शून्य माणसं," ती म्हणाली. "तूच सांग आता."

"निघेल कुणीतरी."

"एकसष्टांत एक नाही निघाला. अरे, त्या बटणाला कुणी हात लावलेला नाही. मग जरा खूण तरी दे. दारवानाला म्हणायला लाव की बाबांनो, जरा थांबा."

"सांगून थांबले तर त्याला काय अर्थ?"

"तुझ्या अर्थाचं मी काय करू?" कात्री हसली, पण तिचा आवाज वाईट नव्हता. "गुरुवारी बाहेरचे दहा जण येतायत, कधी गेम न खेळलेले. त्यातला एक जरी थांबला तरी ठेवते. नाही तर शुक्रवारी तू तुझ्या हाताने काढ. माझ्यावर आळ नको."

जागेवर परत येऊन त्याने ती लढाई उघडली आणि प्रथमच खेळणाऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं ठरवलं. धंद्यातली सगळ्यात जुनी चूक म्हणजे आपल्याला माहीत आहे ते समोरच्यालाही माहीत आहे असं धरून चालणं. नवशिक्यांना तो या चुकीवरून फैलावर घ्यायचा. पण ही चूक तशी नव्हती. जिन्यावर सोनेरी उजेड कुणी टाकला? त्यानेच. प्रत्येक फेरीला पाणी एक हात चढल्याचा आवाज त्यानेच मागून घेतला होता. संगीतवाल्याने दालनासाठी संथ चाल केली होती. "पळावंसं वाटलं पाहिजे," म्हणून यानेच तिथे ढोल घालायला लावले. 'थांबा'चं बटण आधी पिवळं होतं, ते करडं यानेच केलं, नजरेत खुपतं म्हणून. थांबायची सोय ठेवली आणि मग कुणी म्हणजे कुणी थांबू नये अशी चोख व्यवस्था केली. कशासाठी, हे कळायला फार बुद्धी लागत नव्हती. एकसष्ट माणसांना त्या दालनात लोटायचं, सगळी जिन्याकडे पळतात हे बघायचं, आणि म्हणायचं, पाहा, कुणीही असता तरी हेच केलं असतं. स्वतःच पढवलेले एकसष्ट साक्षीदार! त्याला स्वतःची किळस आली, खरोखरीची.

घरं बांधायची होती दादाला. वडील गेले तेव्हा दादा अठराचा, तो चौदाचा. पण खेळ त्याच्याही आधीचा. समोरच्या बिऱ्हाडाने जागा सोडताना टाकून दिलेल्या सामानात नियमांचं एक पुस्तक सापडलं होतं, मधली बावीस पानं गायब. स्वयंपाकघरातल्या लाद्या म्हणजे चौकोन, आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं म्हणजे माणसं. याचं बटण पांढरं, शर्टाचं. दादाच्या हाती कोटाचं मोठं तपकिरी बटण, एका बाजूने टवका गेलेलं. शत्रू, राजे, राक्षस, दुकानदार सगळं दादाच व्हायचा. लढाई सुरू करण्याआधी दालनाचा नकाशा काढायचा, पट्टी न लावता, एका रेघेत. "दार आत उघडतं का बाहेर, ते आधी ठरव. कडी कुठल्या अंगाला? मग मारामारी," असं म्हणायचा. आज जगभरच्या तरुण पोरांना हा धाकटा हेच शिकवतो आणि ती वहीत उतरवून घेतात. आणि जी बावीस पानं नव्हती त्यांचे नियम दादाने मनाने केले होते. फेरीभर कुणीच हात उचलला नाही तर लढाई संपते. "असं कसं?" त्याने विचारलं होतं, दहा वर्षांचा, फासा मुठीत घट्ट धरून. "राक्षस कशाला थांबेल?" दादा म्हणाला, "दमतो की तोही. त्यालाही वाटत असतं कुणीतरी आधी थांबावं." आई भाकरी उलटताना हसली होती. वडील तेव्हा होते, दाराला टेकून बघत होते. तो नियम त्याने कधीच वापरला नाही. पांढरं बटण नेहमी पुढे, आणि उंबऱ्यात कोण? तर तपकिरी. "तू हो पुढे, मी बघतो," दादा म्हणायचा, मग फासा स्वतःच टाकायचा, हाताआड बघायचा आणि "वाचलास रे बारक्या, थोडक्यात!" म्हणून ओरडायचा. तो फासा काय पडला होता, हे त्याने कधी बघितलं नाही.

वडील गेल्यावर दादा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. चार वर्षांचीच गोष्ट आहे, धाकट्याचं शाळेचं आटोपलं की मी माझं बघतो, असं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे कुणी बोललं नव्हतं, पण घरात ते भांड्याकुंड्यांसारखं होतं. आणि चार वर्षांनी दादाला पत्र आलं. इमारतींचे आराखडे शिकवणाऱ्या कॉलेजात जागा मिळाली होती, दुसऱ्या वर्षापासून खर्च तेच बघणार होते. प्रश्न फक्त पहिल्या वर्षाचा. ते स्वयंपाकघर, त्याच लाद्या, आईची पाठ. दादाने हात धुतले, पुसले, नीट पुसले, नखांतलं वंगण निघत नव्हतं ते पुन्हा पुसलं आणि म्हणाला, "बारक्या, वर्षभर थांबशील? कंपनीच्या ऑफिसात तुझ्यासाठी बोललोय मी. वर्षाने तू जा, तोवर माझी घडी बसते."

"माझंही पत्र आलंय," तो म्हणाला.

"अरे! कधी?" दादाला खरंच आनंद झाला. मग जरा वेळाने, भीतभीत म्हणावं तसं, "वर्षभर पुढे नाही का ढकलता येणार ते? राखून ठेवतात म्हणे कुठे कुठे."

"नाही. तशी सोय नाही."

"मग प्रश्नच नाही," दादा म्हणाला आणि ताट पुढे ओढलं.

पत्राच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरात, सातव्या कलमात, तशी सोय होती. विद्यार्थ्याने लेखी विनंती केल्यास प्रवेश एक वर्ष राखून ठेवण्यात येईल. त्याने ते दोनदा वाचलं होतं. वाचून पत्र चार घड्या करून दप्तरात ठेवलं होतं, मागची बाजू आत. ते पत्र अजून त्याच्याकडे आहे. सव्वीस वर्षांत चार घरं बदलली, लग्न मोडलं, पुस्तकं रद्दीत गेली, पण ती फाइल काही हातून सुटत नाही. वर्षभराची बात होती. एक फेरी. नंतर दादाला विचारायचं राहून गेलं की तुझ्या पत्राचं काय केलंस. म्हणजे राहून गेलं असं आपलं म्हणायचं. दादा कधी एका शब्दाने बोलला नाही, उलट धाकट्याच्या गेमची जाहिरात कुठे दिसली की कामावरच्या लोकांना दाखवतो, "आमच्या बारक्याचं काम," म्हणतो. बोलला असता, ओरडला असता, निदान एकदा दारू पिऊन तरी शिव्या दिल्या असत्या, तर याला परतफेड करता आली असती. त्या भल्या माणसाने ती वाटही बुजवून टाकली. आणि याचा राग, हे कबूल करायला लाज वाटते पण खरं आहे, सव्वीस वर्षं दादावरच होता.

बाहेरच्या दहा जणांच्या यादीत त्याने दादाचं नाव स्वतः घातलं. बुधवारी फोन केला तो वहिनीने उचलला. "काय हो भावजी, वाट चुकलात?" ती म्हणाली. "आम्ही आहोत होय अजून तुमच्या लक्षात?" तो जेमतेम हसला. मग दादा आला फोनवर. "गेम? मी? अरे, मला मोबाइलवर रांग लावून गोळ्या फोडता येत नाहीत."

"न येणारेच हवेत आम्हाला. तासाभराचं काम आहे."

"बघ बाबा, तुझी अब्रू जायची." मागे वहिनी काहीतरी बोलली. दादा म्हणाला, "येतो. खांद्यामुळे रजेवरच आहे."

फोन ठेवल्यावर त्याच्या छातीत कधी नव्हे ते हलकं वाटलं. दादा थांबेल. नियम दादाचाच आहे, तो दुसरा कुणी नाही थांबला तरी थांबेल. थांबला की दारवान आत येईल, कडी घालेल, पुढे बसून आपलं घरं बांधायचं सांगेल आणि दादाला कळेल. काय कळेल? सगळं. न बोलता, कुणी कुणासमोर तोंड वेडंवाकडं न करता. माफी मागायची असली की लोक तोंडाने मागतात; याने दोन महिने खर्चून दगडी दालन बांधलं, त्यात पाणी सोडलं, आणि आता माफी सापडण्याची जबाबदारीही दादावरच टाकली होती.

गुरुवारी दादा वेळेआधी आला, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कामावरची पिशवी सवयीने तशीच. सहाव्या मजल्यावर लिफ्टमधून उतरल्यावर पहिलं वाक्य, "तुमच्या लिफ्टचा दोर बदलायला झालाय. आवाज ऐकलास? सांग कुणाला तरी." उजवा हात कानाच्या वर जात नव्हता, जॅकेट अडकवायला त्याने डावा हात वापरला. चाचणीच्या खोलीला एका बाजूला काळी काच असते. आत खेळणारा, काचेमागे गेम बनवणारे. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं आणि बनवणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम. आत खेळवून घेणारी मुलगी दादाला माऊस कसा धरायचा ते सांगत होती आणि दादा "हो ताई, हो ताई" करत होता. काचेमागे कात्री होती, 'थांबा'चा नियम ज्याने यंत्राला शिकवला तो प्रोग्रामर होता, आणि तो स्वतः, मुठी खिशात घालून. सकाळपासूनचे नऊ जण जिन्याकडे पळाले होते. दादा दहावा.

पहिल्या तीन लढायांत दादा रमला. बाणवाल्याला त्याने खांबाआड ठेवलं, मंत्रवाल्या पोरीला मुळी पुढे जाऊ दिलं नाही. "ही लहान आहे, हिला मध्ये ठेवू," तो म्हणाला. कात्री कुजबुजली, "हुशार आहेत रे." मग चौथी. दार उघडलं, पाणी आलं, ढोल वाजायला लागले. दादा पुढे वाकला. जिन्याकडे नाही, तो दाराकडे बघत होता. "दार आत उघडतंय," तो म्हणाला. "बिजागऱ्या बघा ना. म्हणजे कडी आतून असणार. आहेच, ती काय. मग हा बुवा बाहेरच्या अंगाला कशाला उभा?"

एकसष्ट अधिक नऊ माणसांतल्या एकालाही ती कडी दिसली नव्हती. कात्रीने त्याच्याकडे बघितलं. पडद्यावर माऊसचा बाण सरकत सरकत खालच्या कोपऱ्यात गेला आणि करड्या बटणावर येऊन राहिला. दादाने वाचलं, "थांबा. ही पाळी सोडून द्या." बाण तिथेच होता. किती वेळ? नंतर नोंदीत निघालं, अकरा सेकंद. अकरा सेकंदांत त्याला स्वयंपाकघरातली ओली लादी पायाखाली लागली, भाकरीचा वास आला, टवका गेलेल्या बटणाची कड अंगठ्याला लागली. थांब दादा. दाब. तूच म्हणाला होतास. मग पाणी चढल्याचा आवाज झाला, त्यानेच मागून घेतलेला, आणि दादा मान हलवून म्हणाला, "नको बाबा. पोरगी लहान आहे, पाणी तिच्या गळ्याशी येईल. आधी हिला काढू." आणि त्याने एकेकाला, लहानापासून, जिन्यावर चढवलं. शिस्तीत, कुणालाही खरचटू न देता. सहाव्या फेरीला दारवान पडला. दादा खुर्चीत मागे टेकला. मुलीने आठवण केली, "काका, मनात काय चाललंय ते बोला ना." तेव्हा म्हणाला, "काही नाही. झालं."

नंतर दोघे लिफ्टची वाट बघत उभे होते. मधल्या वेळची ऑफिसातली शांतता, कुठेतरी छपाईचं यंत्र घरघरत होतं. दादाने पिशवी डाव्या खांद्याला लावली. "मस्त केलंय रे," तो म्हणाला. "लाद्यांवरच्यासारखंच." म्हणजे आठवत होतं. मग लिफ्टच्या दाराकडे बघत, भीतभीत म्हणावं तसं, "तो दारवाला. त्याला आत घेता आलं असतं का रे?"

त्याने लिफ्टचं बटण पुन्हा एकदा दाबलं.

"नाही, कडी आतून होती म्हणून म्हटलं," दादा म्हणाला. " मला वाटलं, जरा कुणी थांबलं असतं तर तो आत येऊन लावू शकला असता. मी बघत होतो तिथं काही आहे का तसं."

हो, एवढंच म्हणायचं होतं. हो दादा, येत होतं, तुला बरोबर दिसलं, तुला नेहमीच बरोबर दिसतं. सव्वीस वर्षांत इतकं सोपं दार कधी समोर आलं नव्हतं, कडी आतून, हात पोचेल अशी. पण हो म्हटलं की दादा विचारणार, कसं? आणि मग सांगावं लागणार, एक फेरी थांबून. एकच फेरी. आणि दादाच्या चेहऱ्यावर काय येईल? आपण त्या म्हाताऱ्याला मारलं, आपल्याला जमत असताना मारलं, असं वाटेल त्याला. हा माणूस घरी जाऊन वहिनीला सांगेल, झोपणार नाही. याला दादाची कीव आली, असं त्याने त्या क्षणी स्वतःला सांगितलं. फासा हाताआड धरून ओरडणाऱ्या दादासारखंच आपण हे करतोय, असंही सांगितलं. माणसाला स्वतःला पटवायला किती थोडं लागतं! तोंड तर केव्हाच उघडलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "तशी सोय नाही. कडी नुसती दिसायला आहे."

दादाने त्याच्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं, का याला तसं वाटलं, देव जाणे. मग त्याने खांदा चोळला. "मग प्रश्नच नाही," तो म्हणाला. लिफ्ट आली. आत शिरताना दादाने दाराच्या फटीला बोट लावून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून च्च् केलं आणि म्हणाला, "तेवढं दोराचं सांग हं. विसरशील." दार मिटलं. आकडे उतरत गेले, पाच, चार, तीन, आणि तो खालचा आकडा पेटेपर्यंत तिथेच उभा राहिला.

शुक्रवारी कात्रीला बोलावं लागलं नाही. सकाळी येऊन त्याने अडतीस वाक्यं काढली, सात ठिकाणच्या हालचाली काढल्या, दारवान मागे वळून बघतो ते काढलं. घरं बांधायचं वाक्य काढायला बाकीच्यांएवढाच वेळ लागला. कडी त्याने ठेवली, दिसायला. आता तो खोटं बोलला नव्हता. एका दिवसाच्या उशिराने का होईना, ते खरं झालं होतं. मग प्रोग्रामरला कळवलं की नियम उडव. प्रोग्रामर कानातलं काढून खुर्ची फिरवून त्याच्याकडे वळला.

"बटण पण काढू?"

"बटण राहू दे. इतर लढायांत लागतं."

"आणि या दालनात कुणी थांबलंच तर काय होईल?"

"काही नाही," तो म्हणाला. "पाणी तेवढं वर येईल."